निवृत्ती तोंडावर, बाहेर हे असं वातावरण: आमचा हिशेब तपासाल का?

मेधा_कर्वेनगर | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

बरीच वर्षं इथे नुसतीच वाचत असते. आज धीर करून पहिलाच धागा काढतेय.

मिस्टर ५७ वर्षांचे. चाकणच्या एका कंपनीत २९ वर्षं झाली. गाड्यांचे सुटे भाग बनवतात, त्यातला बराचसा माल अमेरिकेला जातो. एप्रिलपासून तिकडून आयातशुल्काचं जे सुरू झालं, तेव्हापासून एक शिफ्ट बंद आहे. गणपती झाले आणि नोटीस बोर्डावर व्हीआरएसचं (स्वेच्छानिवृत्तीचं) पत्रक लागलं. डिसेंबरअखेर सही करायची की नाही ते ठरवायचंय. मी ५४ वर्षांची, एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघते, पगार २८,०००. घरी सासूबाई आहेत, वय ८२. मुलगा अमेरिकेत एमएस करून नुकताच नोकरीला लागलाय. सप्टेंबरात एच-वन-बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावल्याची बातमी आली, तेव्हापासून त्याचे फोन छोटे झालेत.

आमचे आकडे असे. पीएफ ४८ लाख. ग्रॅच्युइटी आणि व्हीआरएसचे कर जाऊन ३४ लाख येतील. एफडी १९ लाख, त्यातली ११ लाखांची एका सहकारी बँकेत. म्युच्युअल फंड २१ लाख. कर्वेनगरला टू बीएचके स्वतःचा, दुसरा मजला, लिफ्ट नाही. सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं बोलणं चालू आहे. महिन्याचा खर्च साधारण ६२,०००.

मिस्टर म्हणतात सगळं एफडीत टाकू, रात्री झोप तरी लागेल. भाऊ म्हणतो शेअर बाजारात राहिलात तरच महागाईला पुरे पडाल. मला दोघांचंही पटतं आणि तिथेच अडकायला होतं. युद्धं, शुल्क, निवडणुका, पडणारे व्याजदर, या सगळ्यात आमच्यासारख्यांनी पाय कुठे रोवायचा?

---

वाकडवासी | ५ ऑक्टोबर, रात्री ११.१५

मेधाताई, सगळं एफडीत अजिबात नको. फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.५ वरून ५.५ वर आला. एफडीचे दर त्याच्या मागोमाग उतरलेत. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. म्हणजे आजचे ६२,००० तुमचे मिस्टर ६९ चे होतील तेव्हा १,२४,००० झालेले असतील. एफडीचं व्याज मात्र तेवढंच राहील. निम्मे तरी इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजारात ठेवा.

---

रानजाई | ६ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

निम्मे?! ५७ व्या वर्षी, नोकरी जात असताना? वाकडवासी, तुमचं वय काय?

---

वाकडवासी | ६ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

४३. जुलैत माझीच नोकरी गेली, तेव्हा अनिश्चितता म्हणजे काय ते मलाही माहीत आहे. पण बाजार पडला की परत वर येतो, हेही पाहिलंय. २०२० च्या सुरुवातीला ४२ हजारांवर असलेला सेन्सेक्स मार्चमध्ये २६ हजारांच्या खाली आला आणि डिसेंबरात ४७ हजारांच्या वर होता. गेल्या वर्षी ४ जूनला निकालाच्या दिवशी एका दिवसात जवळपास ४,४०० अंक पडला. त्याच आठवड्यात शुक्रवारी नवा उच्चांक. घाबरून बाहेर पडले त्यांचंच नुकसान झालं.

---

निवृत्त_शाखाधिकारी | ६ ऑक्टोबर, सकाळी ११.५०

बँकेत ३६ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ पेठेतल्या शाखेत. काउंटरच्या अलीकडून निवृत्त माणसं पुष्कळ पाहिली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वाकडवासींनी दिलेले आकडे बरोबर आहेत. पण उदाहरणं त्यांनी भर्रकन सावरणाऱ्या पडझडींची निवडली आहेत. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली गेला. परत २१ हजार दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. म्हणजे पावणेतीन वर्षं. ज्याचा पगार चालू होता त्याने ती काढली, उलट स्वस्तात भर घातली. ज्याला त्याच पावणेतीन वर्षांत दर महिन्याला युनिट विकून किराणा भरायचा होता, त्याची युनिट निम्म्या भावात गेली. ती गेली ती गेलीच, पुढे बाजार वर आला तेव्हा त्याच्याकडे वर यायला काही शिल्लक नव्हतं. बाजार एकच, पडझड एकच, पण दोघांचं म्हातारपण वेगळं झालं.

आता दुसरी बाजू. 'सरकारी आहे, पक्कं आहे' हाही भ्रम मी मोडताना पाहिला. पीपीएफला जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के मिळत, आज ७.१ आहेत. १९९८ ला निवृत्त झालेल्या माणसाने १२ टक्के धरून सगळं आयुष्य आखलं होतं, त्याला पाच-सहा वर्षांत खर्च कापावा लागला. आणि यूएस-६४ कोणाला आठवतंय? युनिट ट्रस्टची १९६४ पासूनची योजना, लोक डोळे मिटून पैसे ठेवत. जुलै २००१ मध्ये तिची पुनर्खरेदीच थांबवली, म्हणजे लोकांना पैसे काढता येईनात. आमच्या काउंटरवर लोक विचारायला येत की आता काय करायचं, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून मेधाताई, 'एफडी की शेअर' हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. पहिला प्रश्न असा, की पुढची पाच वर्षं तुम्हाला नको त्या दिवशी काही विकायला कोण भाग पाडू शकेल? बाजार नव्हे. आजारपण, घर, कर्ज, मुलं. त्यांची यादी करा. दिल्लीत, वॉशिंग्टनला काय होईल ते आपल्या हातात नाही, पण कशाला हात लावावा लागेल आणि कशाला नाही, हे पुष्कळसं आपण ठरवू शकतो.

आणि एक थेट विचारतो, राग मानू नका. मुलाचं एमएस कोणाच्या पैशातून झालं?

---

शिरूरचा_मास्तर | ६ ऑक्टोबर, दुपारी ४.२०

शाखाधिकारी साहेबांचा प्रतिसाद जपून ठेवला.

मी १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला शिक्षक, म्हणजे जुनी पेन्शन नाही. २०२३ च्या मार्चमध्ये आठवडाभर संपावर होतो. राजस्थानने त्याआधी जुनी पेन्शन परत आणली, मग केंद्राने यूपीएस (एकीकृत पेन्शन योजना) आणली, १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. दर निवडणुकीला आमच्या स्टाफरूममध्ये गणितं बदलतात. एका सहकाऱ्याने 'जुनी येणारच' म्हणून घराचं कर्ज वाढवून घेतलं. मला हे धाडस वाटत नाही. मी वहीत सध्या लागू आहे तेवढंच लिहितो. पुढे जास्तीचं मिळालं तर घेईन, पण त्यावर आज हप्ता बांधणार नाही.

(आपलेच प्रतिनिधी आपल्याला वेगवेगळ्या पेन्शनीत वाटून टाकतात याचं वाईट वाटतं, पण तो वेगळा धागा होईल.)

---

संपादक_मंडळ | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.००

धाग्यात पक्षनिहाय चर्चा नको. त्यासाठी राजकारण विभाग आहे. दोन प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

---

भोसरीकर | ६ ऑक्टोबर, रात्री ९.१०

ताई मी फार शिकलेला नाही, चूकभूल माफ करा. नातीकडून टाइप करून घेतोय.

मी भोसरी एमआयडीसीत टर्नर होतो. मार्च २०१४ ला रिटायर झालो. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ ऑफिसची पेन्शन मला महिना २,१८७ रुपये मिळते. अकरा वर्षांत एक रुपया वाढली नाही. तेव्हा पगाराची मर्यादा ६,५०० धरायचे, नंतर सप्टेंबर २०१४ ला १५,००० केली, पण आम्ही सहा महिने आधी सुटलो. ७,५०० आणि महागाई भत्ता मिळावा म्हणून आमची माणसं किती वर्षं आंदोलन करतात. मी पण दोनदा दिल्लीला जाऊन आलो. मिळेल तेव्हा मिळेल.

तुमच्या मिस्टरांना १५,००० च्या हिशेबाने मिळेल पण सगळी वर्षं नाही, २०१४ च्या आधीची वर्षं ६,५०० नेच धरतात. चार हजाराच्या आसपास बसेल. त्याच्यावर घर चालेल असं समजू नका.

मला सांगायचं आहे ते दुसरंच. पीएफचे मला ११ लाख आले होते. त्यातले ७ लाख मुलाला दुकानाला दिले. दुकान चांगलं चाललं, मग लॉकडाऊनमध्ये बंद पडलं. मुलगा गुणी आहे, आम्हाला सांभाळतो, तक्रार नाही. पण बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा मला त्याच्याकडे मागावं लागलं आणि तेव्हा त्याच्याकडेच नव्हते. दोन वर्षं ती तशीच चालली. पैसे दिले त्याचं वाईट वाटत नाही. ऑपरेशनचे वेगळे काढून मग दिले असते तर बरं झालं असतं.

---

सुमेधा५८ | ६ ऑक्टोबर, रात्री १०.३०

भोसरीकर काका, काकूंचं ऑपरेशन झालं का मग?

---

भोसरीकर | ६ ऑक्टोबर, रात्री १०.४५

हो, २०२३ ला एका गुडघ्याचं झालं. आता जिना चढते, हळूहळू.

---

मेधा_कर्वेनगर | ७ ऑक्टोबर, रात्री ११.५५

भोसरीकर काका, तुमचा प्रतिसाद मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

शाखाधिकारी काका, राग कसला. तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. शैक्षणिक कर्ज आहे. २६ लाख बाकी, व्याज साडेदहा टक्के. सहकर्जदार मिस्टर आणि तारण हाच फ्लॅट. पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही कारण आम्ही ते 'त्याचं' कर्ज धरतो, हप्ता तोच भरतो, मे महिन्यापासून. लपवायचं नव्हतं, आमच्या यादीत ते कधी आलंच नाही. लिहिताना आत्ता लक्षात येतंय की त्याची नोकरी गेली तर ३६ हजारांचा हप्ता सरळ आमच्या दारात येणार आहे.

---

निवृत्त_शाखाधिकारी | ८ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आता चित्र पूर्ण झालं.

बघा, अमेरिकेतलं एक धोरण तुमच्या घराला दोन बाजूंनी भिडतं आहे. शुल्कामुळे मिस्टरांची नोकरी आणि व्हिसामुळे मुलाचा हप्ता. दोन्ही एकाच वेळी बिघडू शकतात. बाजारही बहुधा त्याच सुमारास पडलेला असेल. म्हणून २१ लाखांचे फंड हा तुमचा संकटकाळचा पैसा नाही. तो लांबचा पैसा आहे.

माझं मत असं. साडेदहा टक्क्यांचं कर्ज ठेवून साडेसहा-सातच्या एफडीत पैसे ठेवणं हे दर वर्षी थोडं थोडं गळणारं भांडं आहे. पण सगळं कर्जही एकदम फेडू नका, कारण फेडलेला पैसा अडीअडचणीला परत मागता येत नाही. १२ लाख भरा. भरताना बँकेला लेखी सांगा की मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा आहे. न सांगता भरलंत तर बहुतेक ठिकाणी हप्ता तोच राहतो आणि मुदत कमी होते. एरवी ते उत्तम, पण तुमच्या बाबतीत हप्ता हलका होणं महत्त्वाचं. ३६ चा साधारण १९-२० वर येईल. तेवढा तुमच्या पगारातूनही ओढाताण करून निघेल.

मग ज्येष्ठ नागरिक बचत योजना. ६० पूर्ण नसले तरी ५५ नंतर व्हीआरएस घेतलेल्यांना निवृत्तीच्या रकमेतून खातं काढता येतं. पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत काढायचं, पूर्वी ही मुदत एक महिना होती, नोव्हेंबर २०२३ ला वाढवली. ही तारीख चुकवू नका, नाहीतर ६० पर्यंत थांबावं लागेल. मर्यादा ३० लाख, दर ८.२, पाच वर्षांसाठी तोच राहतो. दर तिमाहीला ६१,५०० येतील.

पोस्टाची मासिक प्राप्ती योजना, जोडखातं १५ लाख, ७.४ टक्के, महिना ९,२५०.

दोन्ही मिळून महिन्याला २९,७५०. तुमचा पगार २८,०००. मिस्टर ५८ चे झाले की ईपीएसचे चारेक हजार. झाले की नाही तुमचे ६२,०००? म्हणजे तुम्ही नोकरी करताय तोवर मुद्दलाला हात लावायची गरजच नाही. मेधाताई, तुमचा पगार हा या घराचा सगळ्यात भक्कम आधार आहे, हे घरात कोणी बोलून दाखवलंय का माहीत नाही, मी दाखवतो.

आणि सहकारी बँकेतले ११ लाख आधी सोडवा. ठेव विम्याचं संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून एका माणसाला एका बँकेत ५ लाख आहे, मुद्दल आणि व्याज धरून. वेगवेगळ्या शाखांत ठेवलं तरी एकत्रच मोजतात.

---

सुमेधा५८ | ८ ऑक्टोबर, दुपारी १.२०

शेवटच्या परिच्छेदाला माझं शंभर वेळा अनुमोदन. आमचे एका सहकारी बँकेत अडकले होते. पुण्यात राहणाऱ्याला हे नवं नाही, प्रत्येक गल्लीत एक घर सापडेल. आता कायदा बदलल्यामुळे निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे मिळतात, तेव्हा तसं नव्हतं. संचालक मंडळातले लोक ओळखीचे होते, म्हणून विश्वास. माणसं ओळखीची असण्याने ठेव सुरक्षित होत नाही, एवढं मला उशिरा कळलं.

पण मेधा, मला रिडेव्हलपमेंटवर लिहायचंय. कुणीच बोललं नाहीये.

मी कोथरूडला. मिस्टर २०१९ ला गेले. २०२१ मध्ये आमची ३८ वर्षांची इमारत पाडायला दिली. मीही सही केली, आनंदाने. नवा फ्लॅट, लिफ्ट, वर थोडी रक्कम. मुदत २४ महिने, तोपर्यंत बिल्डर भाडं देणार. चौदा महिने दिलं. मग थांबलं. काम प्लिंथवर थांबलं. मी तेव्हा ६० ची, पेन्शन नाही, मिस्टरांच्या एफडीवर जगणारी. महिना २४,००० भाडं माझ्या खिशातून सुरू झालं. अकरा महिन्यांनी एक घर सोडावं लागलं, मालकाचा मुलगा परत येणार होता. पुन्हा ट्रक, पुन्हा डिपॉझिट, पुन्हा गॅस कनेक्शनचा पत्ता. ओट्यावर चढून माळ्यावरची भांडी उतरवताना एकदा पडले. दुसरा विकासक आणून काम पुन्हा सुरू झालं, गेल्या दिवाळीत किल्ली मिळाली. नवं घर छान आहे. पण त्यात माझे नऊ लाख गेले आणि ती तीन वर्षं गेली.

रिडेव्हलपमेंट करू नका असं मी म्हणत नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही, सासूबाई ८२, आज ना उद्या लागेलच. पण करारात बँक हमी आहे का, ती कितीची, महारेरा नोंदणी कधी, सोसायटीचं अभिहस्तांतरण (जागा सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, हे स्वतः वाचा. सोसायटीच्या मीटिंगला 'हे' जातील म्हणू नका, तुम्ही जा. आणि काही झालं तरी दीड वर्षाचं भाडं स्वतःच्या वहीत वेगळं धरा. तुमचा फ्लॅट कर्जाला तारण आहे म्हटल्यावर बँकेची संमतीही लागेल, ते आधी विचारून ठेवा. आमच्याकडे एका सभासदामुळे त्यावरच चार महिने गेले होते.

---

रानजाई | ८ ऑक्टोबर, दुपारी ३.४०

सुमेधाताई, हे सगळं एकटीने केलंत. _/\_

---

पौडफाटा | ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३०

माझा अनुभव: सोनं. दहा ग्रॅम सव्वा लाखाच्या घरात गेलंय. बाकी सगळं डळमळीत असताना तेच टिकतं. शिवाय मुळशीकडे गुंठेवारीत एखादा तुकडा. जमीन कुठे पळून जात नाही.

---

निवृत्त_शाखाधिकारी | ८ ऑक्टोबर, रात्री ८.०५

जमीन पळत नाही, पण गरजेच्या दिवशी विकलीही जात नाही. ७० व्या वर्षी अँजिओप्लास्टीसाठी कुणी गुंठा सोमवारी विकून मंगळवारी पैसे भरत नाही. एकत्र सातबारा, रस्त्याचा वाद, मोजणी, यात वर्षं जातात. ज्यांचं वय आणि उत्पन्न आहे त्यांनी घ्यावी. मेधाताईंनी आता नको. सोनं आहे ते असू द्यावं, या भावात नवीन घेण्याची घाई नको.

---

चतुःशृंगी | ९ ऑक्टोबर, सकाळी ८.४५

आरोग्य विम्याबद्दल कसं कुणी विचारलं नाही? मी या क्षेत्रात २० वर्षं आहे (इथे विकायला आलेले नाही).

मेधाताई, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम व्हीआरएसच्या दिवशी संपतो. सही करण्याच्या आधी स्वतःची पॉलिसी हातात हवी. नंतर करू म्हणाल आणि मधल्या तपासणीत साखर किंवा बीपी निघालं, तर आधीपासूनच्या आजारांसाठी थांबावं लागतं. २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं केलाय, तरी ५७ ते ६० हीच ती वर्षं असतात. कंपनीच्या एचआरला विचारा, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का. जाता आलं तर जुन्या वर्षांचं श्रेय मिळतं. फॉर्ममध्ये काहीही दडवू नका. क्लेम नाकारलेली जी कुटुंबं माझ्यासमोर बसून रडली, त्यांच्यात बऱ्याच ठिकाणी एजंटने 'हे लिहू नका' असं सांगितलेलं होतं.

थोडं बरं झालंय तेही सांगते. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाकडे जावं लागतं, हा यंदा जानेवारीतला नियम. तरी हिशेब करताना हप्ता दर वर्षी १० टक्क्यांनी वाढेल असंच धरा.

सासूबाईंचं आयुष्मान कार्ड काढलंत का? ७० च्या वर कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत. गेल्या ऑक्टोबरपासून आहे. आधार लागतं, मोबाइलवरून निघतं. सगळी हॉस्पिटलं त्यात नाहीत, म्हणून तुमच्या जवळची कुठली आहेत ते आत्ताच शोधून कागद फ्रिजवर लावा.

---

वाकडवासी | ९ ऑक्टोबर, रात्री १०.२०

सगळं वाचलं. माझा पहिला सल्ला मागे घेतो, निदान 'निम्मे' हा शब्द. माझ्या डोक्यात पगार येणाऱ्या माणसाचं गणित होतं, आणि खरं म्हणजे सध्या माझाही पगार येत नाहीये. जुलैपासून मीच दोन वेळा फंड विकून घराचा हप्ता भरलाय. शाखाधिकारी काकांनी २००८ बद्दल लिहिलं ते वाचताना पोटात गोळा आला.

तरी एक म्हणेन. २१ लाखांचे फंड मोडू नका. बचत योजना आणि पोस्टाचं उत्पन्न वाढणारं नाही, दहा वर्षांनीही २९,७५० च राहील, दर उतरले तर कमीही. खर्चाच्या वाढीला तोंड द्यायला तुमच्याकडे तेवढंच एक आहे.

---

निवृत्त_शाखाधिकारी | ९ ऑक्टोबर, रात्री १०.५०

पूर्ण सहमत. आणि वाकडवासी, घराचा हप्ता काही महिने पुढे ढकलता येतो का ते बँकेत जाऊन विचारा. थकण्याच्या आधी गेलेल्या माणसाचं ऐकून घेतलं जातं. अर्जाचा मसुदा दाखवायचा असेल तर मला विपू (विचारपूस, इथला निरोप) करा.

---

अमृता_डल्लास | १० ऑक्टोबर, सकाळी ६.१०

मुलांच्या बाजूने लिहू का? मी इथे १३ वर्षं. आईबाबा सहकारनगरला. मला पहिली सहा वर्षं माहीतच नव्हतं की त्यांचा खर्च कसा भागतो. बाबा 'उत्तम चाललंय' एवढंच सांगत. कोविडमध्ये आई आजारी पडली तेव्हा कुठली पॉलिसी, कुठलं खातं, काही ठाऊक नव्हतं, विमानं बंद होती, आणि मी रात्री तीनला शेजारच्या काकांना कपाट उघडायला सांगत होते.

मेधाताई, मुलाला हा धागा दाखवा. त्याचा फोन छोटा होतोय कारण त्यालाही वाटतंय की तुमची काळजी वाढवू नये. दोघंही एकमेकांपासून लपवत बसाल.

---

शिरूरचा_मास्तर | १० ऑक्टोबर, सकाळी ९.००

एक राहिलं. घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने आत्ताच करून टाकू नका, कितीही चांगला मुलगा असला तरी. मृत्युपत्र करा. बक्षीसपत्र करायचंच तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असं त्यात लिहिलेलं हवं, तरच ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. आमच्या गावात एका आजींचं याच एका ओळीवाचून अडलं.

---

मेधा_कर्वेनगर | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.१५

धागा वर काढतेय. महिनाभर दिवाळी, सासूबाईंचा खोकला आणि बँकेच्या चकरा यात गेला. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, तर काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

धागा मुलाला पाठवला. त्या रात्री तो दीड तास बोलला. त्याच्या कंपनीत दोन फेऱ्यांत माणसं कमी झालीत, त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं. आता असं ठरलंय की तो सहा हप्त्यांइतकी रक्कम इथल्या खात्यात आणून ठेवेल आणि आम्ही व्हीआरएसचे आले की १२ लाख भरू. बँकेतल्या मॅडमनी हप्ता कमी करण्याचा अर्ज आधीच द्यायला सांगितलाय.

मिस्टरांनी परवा सही केली. घरी येऊन डबा स्वतः घासला आणि म्हणाले, आता डिसेंबरपर्यंतच. मला काय बोलावं सुचलं नाही. २९ वर्षं पहाटे साडेपाचची बस.

आरोग्य विमा त्याआधी झाला. मिस्टरांना बीपी निघालं, ते फॉर्मवर स्पष्ट लिहिलं, हप्ता थोडा वाढला. चतुःशृंगी, तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्ही जानेवारीत गेलो असतो.

सहकारी बँकेतली एक एफडी मोडली, व्याजात थोडं नुकसान झालं. आता तिथे साडेचार लाखच आहेत. बाकीचे पैसे दोन सरकारी बँकांत. नोव्हेंबरपासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात, तेही भरून आले.

पुढच्या पाच वर्षांच्या गरजेचे म्हणून १७ लाख वेगळे काढणार आहोत, शिवाय आजारपण आणि घरभाडं मिळून १२ लाख. बचत योजना आणि पोस्ट शाखाधिकारी काकांनी लिहिलं तसंच. उरलेले १५ लाख पीएफमध्येच राहू द्यावेत का? ५५ नंतर निवृत्त झाल्यावर तीन वर्षं व्याज मिळत राहतं असं वाचलं.

---

निवृत्त_शाखाधिकारी | १६ नोव्हेंबर, रात्री ८.४०

व्याज मिळतं, पण नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र धरतात. शिवाय पीएफमधून उरलेलं तेवढंच ठेवून बाकी काढण्याची सोय आहे का ते ऑफिसात विचारून मग ठरवा. नाहीतर रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे रोखे आहेत, सध्या ८.०५, सहामाही व्याज, पण सात वर्षं अडकतात. साठीनंतर मुदतीआधी सोडवता येतात, तरी बरीच वर्षं थांबून. दोन्हींत विभागा.

मिस्टरांना नमस्कार सांगा. जानेवारीत पहिला सोमवार अवघड जातो, त्या दिवशी त्यांना घेऊन सकाळी कमला नेहरू पार्कला या. आमचा गट सात वाजता असतो.

---

भोसरीकर | १६ नोव्हेंबर, रात्री ९.२५

ताई वाचून समाधान वाटलं. मी काल हयातीचा दाखला दिला. नातीने मोबाइल समोर धरला, मला डोळे मिचकवायला सांगितलं, झालं. पूर्वी रिक्षाने जाऊन रांगेत उभं राहायला लागायचं. दुसऱ्या गुडघ्यासाठी पण नाव नोंदवलंय, आयुष्मान कार्डावर. हिचं वय मे महिन्यात ७० झालं.

---

मेधा_कर्वेनगर | १६ नोव्हेंबर, रात्री ९.५०

काका, किती छान! ऑपरेशनची तारीख कळवा, आम्ही दोघं भेटायला येऊ.

सोसायटीच्या कालच्या मीटिंगला मी स्वतः गेले. बँक हमीवर बोलले तर सेक्रेटरी म्हणाले, वहिनी, एवढं कोण वाचतं. मी सुमेधाताईंचा प्रतिसाद छापून नेला होता, तो सगळ्यांना वाचायला दिला. करारावरचा निर्णय पुढच्या महिन्यावर गेलाय.

तरी आधीच विचारून ठेवते. कर्वेनगर, वारजे किंवा डहाणूकर कॉलनीत तळमजल्यावरची, वर्ष-दोन वर्षांसाठी भाड्याची जागा कुणाच्या माहितीत आहे का? सासूबाईंना जिना नको आणि त्यांना सकाळी ऊन येणारी एक खिडकी लागते.

---

रानजाई | १६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

आमच्या मागच्या गल्लीत आहे, तळमजला, पूर्वेला खिडकी. मालक फेब्रुवारीत मुलीकडे जातायत. विपू पाहा.